इंग्रजीतलं धावणं आणि आपलं चालणं

इंग्रजी मीडियममधली भाची परवा सर्दीने बेजार, मला म्हणते, "मावशी, माझं नाक धावतंय!" हसू आलं पण तिची काय चूक, रन म्हणजे धावणे एवढं पाठ करून घेतात आणि पुढचं देवाच्या भरवशावर.

हे रन प्रकरण फार मोठंय हो. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत पूर्वी सेट या क्रियापदाची नोंद सगळ्यात लांब होती, मग रनने तिला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ!

गंमत अशी की इंग्रज जिथे धावतो तिथे आपण बहुतेक वेळा चालतो. रत्नागिरी स्टेशनावर मांडवी एक्स्प्रेसचं विचारा, उत्तर येतं "दोन तास लेट चालतेय", तीच गाडी इंग्रजीत रनिंग लेट. मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरचं इंजिन डिझेलवर चालतं, काकू खानावळ चालवते, दशावताराचा खेळ पहाटेपर्यंत चालतो, घरातली पोरं क्लासला न जाता मोबाईल चालवतात (हे शेवटचं रन नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही). फ्रेंच लोकसुद्धा मशीन चालू असलं की त्यांचं चालण्याचंच क्रियापद वापरतात, म्हणजे आपण काही जगावेगळे नाही. धावणं आपल्याकडे उरलंय ते पेपरात, गणपती आले की 'कोकणात जादा गाड्या धावणार', मग त्या वाटेत कितीही वेळ उभ्या राहोत.

उभं राहण्यावरून आठवलं, अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला रन करतो, ब्रिटनमध्ये स्टँड, आणि आपल्या ग्रामपंचायतीलाही माणूस उभाच राहतो.

पातळ वस्तू आली की मात्र आपलं चालणं चालत नाही. नाक वाहतं, नळ वाहतो, नवीन साडीचा रंग जातो. इंग्रजीत तिन्हीकडे रनच.

पुढे एखादा शब्द चिकटला की अर्थ पार फिरतो. बाजारात अचानक कोणी भेटलं तर रन इंटू, आणि रन आउट म्हणजे फक्त क्रिकेट नव्हे, घरातलं कोकमाचं आगळ संपलं तरी 'वी हॅव रन आउट ऑफ आगळ'. इथे हॅवच्या पुढे रनच येतं बरं का, रॅन नाही, रॅन नुसत्या भूतकाळात. भाचीच्या वहीत नेमकं तेच 'हॅव रॅन' लाल पेनाने कापलेलं होतं.