डावा डोळा गेला म्हणून आलेले काका

मी नागपूरला ऑप्टोमेट्रिस्ट आहे. दिवसभर नंबर काढणं, प्रेशर बघणं, थेंब टाकून पेशंटला बसवून ठेवणं हेच चालतं, पण मागच्या महिन्यातले एक काका काही डोक्यातून जात नाहीयेत.

साठीचे असतील. "मॅडम, डावा डोळा गेला जी माया." बर्डीत गाडी चालवताना डावीकडून कोण आलं ते कळत नाही, घरी दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो. चष्म्याच्या दुकानात दोनदा काचा बदलून झाल्या होत्या. डोळे तपासणं म्हणजे मशीनवर हनुवटी टेकवून नंबर काढणं एवढंच लोकांना वाटतं आणि दुकानदारही तेवढ्यावरच भागवतात, याचा मला खरंच राग येतो.

डावा डोळा चष्म्यासकट ६/६, म्हणजे नजर अगदी नॉर्मल. उजवाही ६/६. पण प्रत्येक ओळीची सुरुवातीची अक्षरं गाळत होते आणि उजव्या डोळ्यानेही तीच गाळत होते, तिथेच मी थांबले. एकेक डोळा झाकला, माझ्या नाकाकडे बघा म्हटलं आणि बाजूला बोटं धरली, तर दोन्ही डोळ्यांना डावी बाजूच नाही. फील्ड टेस्टच्या, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ते मोजणाऱ्या तपासणीच्या, प्रिंटआउटवर दोन्ही गोलांचा डावा अर्धा भाग काळा, मधली रेघ पट्टीने मारल्यासारखी.

म्हणजे डोळे ठीक होते. पडद्याच्या नाकाकडच्या भागातले तंतू ऑप्टिक कायझमला, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात तिथे, बाजू बदलतात, म्हणून दोन्ही डोळ्यांनी बघितलेली डावी बाजू उजव्या मेंदूत, पार मागे, बघण्याचं काम करणाऱ्या ऑक्सिपिटल लोबमध्ये पोचते. लगेच न्यूरोकडे पाठवलं, एमआरआयमध्ये बरोबर तिथेच स्ट्रोक निघाला.

मी विचारलं होतं, तिकडे काळं दिसतं का काका? "काळं नाही जी. काहीच नाही." आपल्या सगळ्यांच्या डोळ्यात ब्लाइंड स्पॉट (काहीच न दिसणारी छोटी जागा) असतो, तो तरी कुठे काळा दिसतो, पण इथे अर्धं जग गेलं आणि त्यांना वाटत होतं एक डोळा गेला.

अजून एक. त्या बाजूला बोटं स्थिर धरली तर शून्य, हात हलवला की "काहीतरी हाललं." पहिल्या महायुद्धात डोक्याला मागून जखम झालेल्या सैनिकांमध्ये रिडॉक या डॉक्टरने १९१७ मध्ये हेच नोंदवलंय. वाचलेलं होतं, समोर पहिल्यांदाच बघितलं.

परवा फॉलोअपला आले. फील्ड तसंच आहे, गाडी बंद केलीय, पेपर वाचताना ओळीच्या डाव्या टोकाला बोट ठेवतात. हात हलवला तर आताही हाललं म्हणतात, काय हाललं ते मात्र सांगता येत नाही.