नंबर एकच, दारू वेगळी

"आई, दारू संपलीय आणि अख्ख्या शहरात कुठं मिळेना," असं मी व्हिडिओ कॉलवर बोलून गेलो आणि पलीकडं कोल्हापुरात एकदम शांतता. "बंदुकीची गं!" म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. खरं तर पडायला नको होता.

ही 2021 ची गोष्ट. मी कॅन्ससमध्ये ओव्हरलँड पार्कला राहतो. हिवाळ्यात .270 विंचेस्टर रायफल घेऊन हरणाच्या शिकारीला जातो आणि काडतुसं घरीच भरतो. इथं हा रीतसर छंद आहे. (आपल्याकडं काडतूस बनवायला परवाना लागतो, तेव्हा हे वाचून कुणी माळा रिकामा करू नये. आणि आमच्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ज्या .22 रायफलवर पॅरिसला ब्राँझ मिळवलं, तिची काडतुसं तशीही पुन्हा भरता येत नाहीत. पेट घेणारा मसाला काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या काठातच असतो.)

माझी ठरलेली दारू म्हणजे हॉजडन कंपनीची एच 4831. कोविडच्या काळात दुकानांतल्या फळ्या ओस पडल्या, ती दिसेनाशी झाली. एके दिवशी एका दुकानात एक पौंडाचा शेवटचा डबा सापडला, आयएमआर 4831. नंबर तोच. कंपनीसुद्धा आता एकच; आयएमआर 2003 पासून हॉजडनकडंच आहे. म्हटलं, गोकुळचं दूध पिशवीतून घ्या नाहीतर डेअरीतून, दूध ते दूधच. वहीतला जुना आकडा, म्हणजे एका काडतुसात किती दारू घालायची तो, काढला आणि रात्री बसून चाळीस काडतुसं भरली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा शिडी परत द्यायला आले. वय ऐंशीच्या पुढं. मला हे सगळं त्यांनीच शिकवलेलं. टेबलावरचा डबा उचलला, लांब धरून वाचला.

"आकडा कुठला घेतलास?"

"वहीतलाच. जुनाच."

त्यांनी डबा खाली ठेवला. "सगळी फोडायला घे."

मग खुर्ची ओढून बसले आणि चहा होईपर्यंत इतिहास सांगितला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सरकारकडची उरलेली दारू टनांनी विकत घेतली आणि चक्क मालगाडीच्या डब्यात साठवली. 4831 ही मुळात 20 मिमी तोफेची दारू. हळू जळणारी, .270 ला अगदी मानवणारी. बरीच वर्षं बाजारात 4831 म्हणजे तीच, हॉजडनची. मग 1970 च्या दशकात ड्यूपाँट कंपनीनं आयएमआर 4831 काढली. नाव तेच, पण जळते जास्त वेगानं. आजोबांच्या मते नाव ठेवणाऱ्याला रेंजवर उभं करायला हवं होतं. तेव्हापासून लोक एका डब्यातली दारू दुसऱ्याच्या आकड्यानं भरतायत.

वेग थोडा वाढला तर बिघडतं काय? गोळी अजून पुंगळीच्या तोंडातून नीट सुटलेली नसते आणि वायू आधीच तयार झालेला असतो. बंद जागेत दाब चढला की दारू आणखी जोरात जळते, आणि जोरात जळली की दाब आणखी चढतो. .270 ची ठरवून दिलेली कमाल मर्यादाच 65,000 पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड दाब. माझा वहीतला आकडा एच साठीसुद्धा वरच्या टोकाचा होता. नशीब बरं असतं तर बोल्ट (काडतुसामागचा सरकता दट्ट्या) घट्ट बसला असता आणि प्रायमर (काडतुसाच्या बुडातली पेटवणारी टोपी) चपटा झाला असता. नसतं तर चेहरा त्या बोल्टपासून चार बोटांवर असतो. जळण्याच्या वेगाचे तक्ते मिळतात, पण त्यात नुसता क्रम असतो. दोन दारूंमध्ये अंतर किती, ते त्यावरून कळत नाही.

काडतूस फोडायला प्लॅस्टिकचा हातोडा मिळतो. काडतूस त्यात अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं. तीन-चार ठोक्यांत गोळी सुटते, मागोमाग दारूचे दाणे खुळखुळत खाली येतात. शिसपेन्सिलीचं टोक बारीक-बारीक तोडावं तसे, करडे. चाळीस वेळा ठक ठक ठक. बायको दारात येऊन म्हणाली, "शेंगदाणे कुटतोयस का काय?" कारण सांगितल्यावर पुढं काही बोलली नाही. त्या न बोलण्याचा अर्थ मला बावीस वर्षांच्या संसारानंतर कळतो.

निघालेली दारू परत तिच्याच डब्यात गेली. आयएमआर ची स्वतःची माहिती काढून, तिच्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून चढत गेलो असतो तर ती चाललीही असती. पण त्या हिवाळ्यात मन झालं नाही. दुकानातली तयार काडतुसं दुप्पट भावानं घेतली.

पुढच्या वर्षी एच 4831 मिळाली. मी खुशीत आजोबांकडं डबा घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून तळाचा लॉट नंबर, म्हणजे दारू कुठल्या खेपेत बनली तो, वाचला, माझ्या वहीतल्या जुन्या नंबराशी ताडून पाहिला आणि म्हणाले, "लॉट वेगळा आहे. खालून सुरू कर."