पुणे ते इंदूर, पाठीवर युकुलेले

रात्री साडेनऊला स्लीपर बसच्या दारात क्लीनरने माझ्या पाठीवरच्या बॅगेकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "दीदी, ये डिक्की में डाल दो." डिक्कीत तोवर कांद्याची दोन पोती, टायर आणि कुणाचा तरी कूलर जाऊन बसला होता. मी वाद घातला नाही. बॅग काढून त्याच्याच हातात दिली. आतलं युकुलेले, म्हणजे चार तारांचं गिटारसारखं छोटं वाद्य, अर्धा किलोचं, बॅग नऊशे ग्रॅमची. त्याने ती एका हाताने तोलली, आत काय आहे ते विचारलं आणि "ऊपर ले जाओ" म्हणाला. तुमच्यावर ही वेळ आली तर असंच करा. पाठीवर मोठी दिसणारी बॅग हातात आली की किती हलकी आहे ते कळतं, आणि "नाजूक आहे हो" असं दहा वेळा सांगण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

गणपतीसाठी मावशीकडे इंदूरला जायचं होतं. घरच्या मखरापुढे रोज आरतीनंतर गाणं-बजावणं होतं आणि भाचीने यंदा हट्टच धरला होता की युकुलेले आण. एरवी मी आनंदाने निघाले असते. पण मागच्या दिवाळीचा अनुभव ताजा होता. वाद्याबरोबर मिळालेल्या पातळ कापडी पिशवीत ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं, ते घसरलं आणि पाठीवर पडलं. उंची जेमतेम गुडघ्याएवढी. पोटाला, म्हणजे खालच्या पोकळ भागाला, ओरखडाही नाही, पण मान आणि डोकं जिथे जुळतात तिथे केसासारखी चीर गेली.

दुरुस्ती करणाऱ्याने तेव्हा जे समजावलं, त्यावरच पुढची सगळी खरेदी झाली. युकुलेलेचं डोकं, म्हणजे खुंट्या असलेला भाग, बहुतेक वाद्यांत मागच्या बाजूला कललेलं असतं. वाद्य पाठीवर पडलं की पोट आणि डोक्याचं टोक ही दोनच ठिकाणं जमिनीला लागतात, मान मध्ये अधांतरी. सगळा हिसका मानेच्या सर्वांत बारीक जागी जातो. आपण मात्र बॅग घेताना पोटावरचा फोम दाबून बघतो आणि समाधानाने घरी येतो.

म्हणून या वेळी मी पुण्यातल्या दुकानात वाद्य सोबत घेऊनच गेले. ऑनलाइन मागवणार असाल तर निदान टेप घेऊन बसा. 'कॉन्सर्ट साइज' एवढ्या शब्दावर विसंबू नका. सोप्रानो साधारण ५३ सेंटिमीटर, कॉन्सर्ट ५८ ते ६०, टेनर ६६ च्या आसपास, हे खरं. पण प्रत्येक कारागिराचं माप थोडं वेगळं असतं. एकूण लांबी, पोटाची सर्वांत रुंद जागा, जाडी आणि खुंट्यांसकट डोक्याची रुंदी अशी चार मापं घ्या. खालच्या टोकाला पट्ट्याची गुंडी किंवा वाद्य स्पीकरला जोडायचं पिकअपचं सॉकेट असेल तर लांबीत दीड-दोन सेंटिमीटर वाढतात. माझ्या वाद्याला गुंडी आहे आणि त्यामुळे पहिली आवडलेली बॅग परत ठेवावी लागली, चेन लागत होती पण गुंडी फोममध्ये रुतत होती. अननसाच्या आकाराचं सोप्रानो असेल तर आणखी सावध राहा, त्याला कंबरच नसते आणि नेहमीच्या साच्याच्या खोक्यात ते मधेच अडतं.

पर्याय तीन होते. पाच मिलिमीटर फोमची पिशवी धुळीपासून वाचवते, त्यापलीकडे तिच्याकडून काही मागू नये. प्लायवुडची किंवा एबीएस प्लास्टिकची कडक पेटी सर्वांत मजबूत, पण दोन किलोंच्या पुढे जाते, आणि वाद्याच्या चौपट वजनाची पेटी आपण हळूहळू घरीच ठेवायला लागतो. मी घेतली ती मधली: बाहेरून कापड, आत दाट फोमचा उभा राहणारा साचा, त्याला मखमलीसारखं अस्तर आणि मानेखाली एक उंचवटा. अठ्ठावीसशे रुपये पडले. बस, रेल्वे आणि रिक्षा एवढाच प्रवास असणाऱ्याला मी डोळे मिटून हाच प्रकार सुचवीन. सामानात टाकून विमानाने नेणार असाल तरच कडक पेटी.

विमानाचं इथेच सांगून टाकते. आपल्या देशी विमानांत केबिन बॅगेचं माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आणि वजन सात किलो धरतात. नुसतं सोप्रानोच ५३ चं, बॅगेसकट ते पंचावन्न ओलांडतं. टेनरचा तर प्रश्नच नाही. रुंदी-जाडी कमी असल्याने अनेकदा अडवत नाहीत, पण 'अनेकदा' वर तिकीट काढू नये. आधी कंपनीला विचारून लेखी उत्तर जवळ ठेवा.

दुकानात मी आणखी तीन गोष्टी बघितल्या. फोमवर अंगठा दाबला आणि आतल्या बाजूला दुसरा हात ठेवला. अंगठा हाताला जाणवला तर तो नुसता स्पंज. चेनच्या आतून कापडी पट्टी आहे ना, नाहीतर चेनचे दात प्रत्येक वेळी वाद्याचं पॉलिश खरवडतात. आणि खांद्याच्या पट्ट्यांची शिलाई, एका रेषेत टाके की चौकोनात फुली मारून. बॅग फाटते ती इथूनच. रंग मी फिकट राखाडी घेतला. काळी सुंदर दिसत होती, पण उन्हात काळं कापड किती तापतं ते आपल्याला माहीत आहे.

बसमध्ये वरचा बर्थ होता. चढताना बॅग पाठीवरच राहिली आणि डोक्याकडचा भाग दाराच्या चौकटीला थाडकन लागला. फोमने सांभाळलं, पण माझ्या पोटात गोळा आला. बॅग पाठीवर असताना तिचं टोक आपल्या डोक्याच्या वर जातं आणि ते आपल्याला दिसत नाही. पट्टे सैल करून बॅग खाली घ्या, किंवा दारातून आत जाताना पुढे छातीशी धरा. बर्थवर मी ती भिंतीच्या बाजूला, माझ्या आणि काचेच्या मध्ये आडवी ठेवली. एसीचं भोक मात्र तिच्यावर सोडलं नाही. धुळ्यानंतर जाग आली तेव्हा सेंधव्याकडचा घाट चालू होता, बस वळणावळणाला कलत होती आणि बॅग जागची हलली नव्हती. पहाटे खलघाटला नर्मदा ओलांडली तेव्हा नेहमीसारखा हात जोडला गेला.

मावशीचं घर रामबागेत. पोहे-जिलबी झाल्यावर भाचीआधी काकांनीच बॅग उघडली. काका गाणारे. त्यांच्या खोलीत कोपऱ्यात मिरजेचा तंबोरा असतो, जुन्या लुगड्यांच्या गोधडीची गवसणी घातलेला. ती मावशीने शिवलेली आहे आणि ती घालूनच तो तंबोरा रेल्वेने कितीतरी गावं फिरून आला. युकुलेलेलाही प्रवासाची सवय जुनी आहे हे मी त्यांना सांगितलं: १८७९ साली पोर्तुगालच्या मादेइरा बेटावरून मजूर जहाजाने हवाईला पोचले, त्यांच्याबरोबर गेलेल्या छोट्या तंतुवाद्यांतून हे घडलं. काका म्हणाले, "म्हणजे बोटीतून आलंय. मग त्याची गवसणी तरी नीट बघू."

त्यांनी वाद्य बॅगेत ठेवलं, डोक्याखाली बोट घातलं आणि मान हलवली. "अगं, हे टेकतंय." खरंच टेकत होतं. मानेखालचा उंचवटा दोन बोटं पोटाकडे सरकलेला होता, कारण साचा थोड्या वेगळ्या मापाच्या वाद्यासाठी केलेला. त्यामुळे मान पुढे झुकून डोक्याचं टोक तळाला लागत होतं. मी सगळी मापं घेतली आणि नेमकं हेच राहिलं.

मावशीने लगेच डोक्याखाली घालायला उशी शिवायला घेतली. तिथे आमची बराच वेळ चर्चा झाली. डोक्याखाली उशी दिली तर पडल्यावर हिसका पुन्हा डोक्यालाच. उशी हवी मानेखाली, डोकं जिथे सुरू होतं त्याच्या जरा अलीकडे, म्हणजे डोकं चारी बाजूंनी मोकळं तरंगतं. शेवटी जुन्या इंदुरी लुगड्याच्या चार पदरांची, आत कापूस भरलेली बोटभर जाड उशी झाली. तपासायला आम्ही कागदाची पट्टी वापरली: डोक्याच्या मागे पट्टी ठेवायची, झाकण लावायचं, तिचं टोक चेनमधून बाहेर ओढायचं. सहज निघाली तर डोकं मोकळं आहे. अडली तर उशी आणखी जाड करा. मग चेन लावून बॅग हळूच हलवायची, आत काही सरकल्याचा आवाज येता कामा नये. नवीन, महागातली बॅग असली तरी ही तपासणी करा. मला तर ती पुण्यातच करायला हवी होती.

रविवारी मावसभावाच्या गाडीने मांडूला गेलो. इंदुराहून शंभरेक किलोमीटर. पावसाळ्यातलं मांडू ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा तरी बघावं; ढग जहाज महालाच्या कमानींतून आत येतात, आणि बाजबहादूर-रूपमतीची प्रेमकथा तिथे वेगळी सांगावी लागत नाही. पण वाद्यासाठी ती कठीण जागा. रूपमतीच्या मंडपाकडे चढताना पाऊस आडवा आला. बॅगेचं कापड पाणी झटकत होतं, चेन मात्र पीत होती. 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक बॅगेचं हेच होतं. प्लास्टिकचं रेनकव्हर वेगळं घ्या, शाळेच्या दप्तराचं मध्यम मापाचं चालतं. परतल्यावर वाद्य बाहेर काढून बॅग पंख्याखाली उघडी ठेवा. ओल्या अस्तरात रात्रभर राहिलं की वाद्याला फार त्रास होतो.

लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात ती कुठल्या कुठे जाते, अखंड लाकडाचा वरचा भाग फुगतो, तारा मानेवरच्या बोटं दाबायच्या पट्टीपासून वर उचलल्यासारख्या वाटतात आणि आवाज बसतो. माझं प्लायचं असल्याने फार फरक पडला नाही. अखंड लाकडाचं असेल तर बॅगेत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा, पण हिवाळ्यात आठवणीने काढा. माळव्यातली डिसेंबर-जानेवारीची हवा कोरडी असते, तेव्हा भोकं पाडलेल्या डबीत ओला स्पंज लागतो.

येताना जेवायला थांबलो तेव्हा ऊन पडलं होतं. भाऊ म्हणाला, राहू दे की गाडीत. मी बॅग घेऊनच उतरले आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवली. काचा बंद असलेल्या गाडीत आतलं तापमान पाहता पाहता साठ अंशांकडे जातं आणि त्याच सुमाराला वाद्यांचा सरस सैल पडू लागतो. घोडी, म्हणजे तारा बांधलेली लाकडी पट्टी, उचकटते ती बहुतेक अशीच. फोमची बॅग इथे काहीच वाचवत नाही. ती फक्त तापायला थोडा वेळ लावते.

सराफ्यात एका रात्री बॅग घेऊन गेले, कारण आधी एका घरी आरतीला वाजवलं होतं. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री भुट्ट्याचा कीस आणि दहीवडे. अशा गर्दीत बॅग पोटावर घ्यायची. पुढच्या खिशात ट्यूनर किंवा कॅपो (मानेवर लावायचा चिमटा) ठेवू नका. कुणी दाबलं की तो खिसा बरोबर घोडीवर येतो. मी ते मानेच्या बाजूच्या खिशात हलवले. अनंत चतुर्दशीच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला गेलो तेव्हा मात्र वाद्य घरीच ठेवलं. रात्रभर रस्ता माणसांनी भरलेला असतो, आणि तिथे कुठलीही बॅग नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

परतीला इंदूर-पुणे गाडी. रेल्वेत सीटखाली ठेवू नका. रतलाम, वडोदरा अशा स्टेशनांवर चढणारे लोक अंधारात ट्रंका पायाने आत सारतात आणि फरशीवर चहाही सांडलेला असतो. मी वरचा बर्थ मागून घेतला होता. बॅग डोक्याकडे भिंतीला लावली, तिचा पट्टा साखळीला अडकवला आणि झोपले. तारा निघताना अर्धा सूर उतरवल्या होत्या. नायलॉनच्या तारांचा ताण मुळात कमी, त्यामुळे पूर्ण सैल करायची गरज नसते.

पुण्यात घरी आल्यावर आधी मानेची जुनी चीर भिंगातून बघितली. होती तेवढीच होती. लुगड्याची उशी थोडी दबली आहे, तिच्यात आणखी कापूस भरायला हवा. भाचीच्या सोप्रानोसाठी मावशी आता दुसरी उशी शिवते आहे, त्याची मापं मी काल रात्री फोनवर सांगितली.