परेरा-वही, नोंद नववी: लाल लोकर तशीच, निळी संपली

परेरा हे आडनाव कुठून आलं आणि कसं पसरलं, ते मी या वहीत शोधते आणि भिंतीवरच्या नकाशावर लोकरीच्या धाग्यांनी जोडते. आठव्या नोंदीनंतर चार महिने गेले. मधे तो नकाशा पूर्ण उतरवून पुन्हा लावावा लागला. कारण सांगायला लाज वाटते, पण आपण सगळे आडनावांच्याच नादाला लागलेले, तेव्हा सांगते: ‘पेरेस’ची चौतीस कार्डं मी ‘पेरेरा’च्या डब्यात घातली होती.

पेरेस म्हणजे पेरोचा मुलगा. पेरो हे पेद्रोचं जुनं रूप, आणि स्पेनमधला पेरेझ तो हाच. बापाच्या नावावरून पडलेलं आडनाव. पेरेराचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. घोळ झाला तो जुन्या चर्चच्या वह्यांतल्या आखूड लिखाणामुळे. पोर्तुगीज पाद्री शाई आणि वेळ दोन्ही वाचवायचे. रॉड्रिग्जला ‘रोइझ’ लिहायचे, आणि पेरेराला फक्त पी, आर आणि वर लटकवलेला इवलासा ए. तो ए कागदाच्या डागात हरवला की पुढचा माणूस अंदाजाने वाचतो. मीही अंदाजानेच वाचलं. नव्याने हात घालणाऱ्यांसाठी: टोकाचं वर टांगलेलं अक्षर दिसल्याशिवाय कार्ड भरू नका.

आता मुख्य गोष्ट. पोर्तुगीजमध्ये ‘पेरा’ म्हणजे नासपती आणि ‘पेरेइरा’ म्हणजे नासपतीचं झाड. आपला परेरा किंवा पेरेरा तो हाच. हाच ‘पेरा’ आपल्याकडे येऊन ‘पेरू’ झाला. पोर्तुगिजांनी अमेरिकेतून आणलेलं फळ त्यांच्या ओळखीच्या नासपतीसारखं दिसलं, म्हणून तेच नाव चिकटलं. पेरू देशावरून पेरू, असं मी शाळेत ऐकलं होतं आणि तीस वर्षं इतरांना सांगतही होते. गोव्यात अजून ‘पेर’च म्हणतात, आणि नाताळातल्या त्या लालसर वड्यांना ‘पेराद’. आमच्या शेजारच्या काकू, सासर-माहेर दोन्ही वसईचं, आडनाव परेरा, दर डिसेंबरात त्या वड्या करतात. मी त्यांना म्हटलं, “काकू, तुमचं आडनाव तुम्ही कढईत घोटताय.” त्या म्हणाल्या, “घोटताना हात दुखतात तेव्हा आडनाव आठवत नाही गं.”

पोर्तुगीज आणि गालिसियन भाषांत झाडांच्या नावांना हा ‘एइरा’ लागतो. ओलिवेइरा म्हणजे ऑलिव्हचं झाड, नोगेइरा अक्रोडाचं, मोरेइरा तुतीचं, फिगेइरा अंजिराचं. फक्त फेरेइराला फसू नका, त्यात झाड नाही, लोखंड आहे. म्हणजे ती खाण किंवा लोहारकामाची जागा.

माणसाला झाडाचं नाव थेट मिळालं नाही. झाडावरून जागेला मिळालं आणि जागेवरून माणसाला. पोर्तुगालच्या उत्तरेला मिन्यो भागात आणि नदीपलीकडे स्पेनच्या गालिसियात पेरेइरा, पेरेइरो नावाच्या वाड्या-वस्त्या जागोजाग आहेत. मध्ययुगात या दोन्ही काठांची भाषा एकच होती, त्यामुळे आडनाव ‘पोर्तुगीज की स्पॅनिश’ हा वाद इथे नंतरचा आणि थोडा पोरकट वाटतो. आपल्याकडचंच उदाहरण घ्या: महाराष्ट्रात पिंपळगावं किती? तितके पिंपळगावकर. दोन पिंपळगावकर लग्नात भेटले तर ते भाऊबंद आहेत असं कोणी धरत नाही, आधी विचारतात, कुठलं पिंपळगाव? पेरेरांच्या बाबतीत हा प्रश्न विचारायचं मी पहिल्या आठही नोंदींत विसरले होते. सगळ्यांना एका खोडाला बांधायला निघाले होते.

ते एक खोड डोक्यात बसलं होतं ते एका घराण्यामुळे. मिन्योत, आजच्या फामालिकांवजवळच्या पेरेइरा नावाच्या जहागिरीवरून एका सरदार घराण्याने हे नाव घेतलं. ढालीवरचं चिन्ह लाल पार्श्वभूमीवर चांदीचा, टोकांना फुलं असलेला क्रूस. या घराण्यातले गोन्सालो पेरेइरा १४ व्या शतकात ब्रागाचे आर्चबिशप होते. त्यांचा मुलगा आल्वारो, हॉस्पिटलर या लढवय्या ख्रिस्ती पंथाचा पोर्तुगालमधला प्रमुख. त्याचा मुलगा नुनो आल्वारेस पेरेइरा, जन्म १३६०. आर्चबिशपचा मुलगा आणि नातू म्हटल्यावर भुवया उंचावतील, पण त्या काळात हे लपवायची फारशी पद्धत नव्हती. नावाची रचनाही पाहा: नुनो, आल्वारोचा मुलगा, पेरेइरा घराण्यातला. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. अगदी आपल्यासारखं.

हाच नुनो १३८५ मध्ये आल्जुबारोताच्या लढाईत शेजारच्या कास्तिया या स्पॅनिश राज्याच्या फौजेपुढे उभा राहिला आणि पोर्तुगाल वेगळं राज्य म्हणून टिकलं. म्हातारपणी सगळं वाटून तो कार्मेलाइट मठात गेला, आणि २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्याला संत जाहीर केलं. त्याची मुलगी बेआत्रिझ राजाच्या अनौरस मुलाला, आफोन्सोला दिली. हा आफोन्सो ब्रागांसाचा पहिला ड्यूक. त्यांचे वंशज १६४० पासून पोर्तुगालच्या गादीवर बसले. त्यातली राजकन्या कातारिना १६६२ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि तिच्या हुंड्यात मुंबई गेली. हा धागा नकाशावर लावताना मी लाल लोकर वापरली, कारण तो खरोखर रक्ताचा आहे. मात्र मुलीकडून गेल्यामुळे आडनाव वाटेतच गळून पडलं. मुंबई आंदण देणारी राजकन्या पेरेरांची वंशज, आणि तिच्या नावात पेरेरा कुठेच नाही.

इथेच माझ्या रंगांची पद्धत सांगते. लाल लोकर म्हणजे रक्ताचं नातं, निळी म्हणजे बाप्तिस्म्यात मिळालेलं आडनाव, पिवळी म्हणजे स्पेलिंग बदलून झालेलं. चार महिन्यांपूर्वी लाल लोकरीचे तीन गुंडे आणले होते. अडीच शिल्लक आहेत.

मागच्या नोंदीनंतर तुमच्यापैकी तिघांनी विचारलं होतं, की झाडांची आडनावं ज्यूंची असतात ना? हा समज फार पसरलेला आहे. मीही पहिल्या नोंदीत तसं लिहिलं होतं, ते कृपया खोडून टाका. १४९७ मध्ये राजा मानुएलने पोर्तुगालमधल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं. या ‘नव्या ख्रिस्त्यां’नी आडनावं घेतली ती आजूबाजूला चालणारीच, म्हणजे रॉड्रिग्ज, लोपेस, मेंदेस, पेरेइरा, वाटेल ती. लपायचं असेल तर वेगळं नाव कोण घेईल? म्हणून पेरेरा आडनावाचे ज्यू आहेत हे खरं, पण आडनावावरून ज्यू ओळखता येतो हे खोटं. त्याच्या दीडशे वर्षं आधीच ते नाव ब्रागाच्या आर्चबिशपच्या मागे होतं.

या शाखेतला एक माणूस मात्र मनात बसला. जाकोब रॉड्रिगेस पेरेइरा, जन्म १७१५, स्पेनमधल्या बेर्लांगाचा. फ्रान्समध्ये बोर्दोला जाऊन तो उघडपणे ज्यू म्हणून जगू लागला आणि जन्मतः बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागला. त्याची ख्याती पंधराव्या लुईच्या दरबारापर्यंत पोचली. फ्रेंच लेखणीत नाव झालं ‘पेरेर’. त्याचे नातू एमिल आणि इझाक यांनी १८३७ मध्ये पॅरिसहून सां-जर्मेंची रेल्वे सुरू केली, १८५२ मध्ये क्रेदी मोबिलिए ही बँक काढली, आणि पॅरिसच्या १७ व्या विभागात आजही बुलवार पेरेर आहे. इथे पिवळी लोकर.

आता आपल्या किनाऱ्याकडे. वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतली. या दोनशे वर्षांत वसईच्या गावागावांत बाप्तिस्मे झाले, आणि आडनाव मिळालं ते धर्मपित्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याला साक्षी राहणाऱ्याचं, किंवा पाणी घालणाऱ्या पाद्रीचं. धर्मपिता बहुतेकदा कोणी शिपाई, कारकून, गढीतला साहेब. एका दिवशी एका ओळीत उभी राहिलेली माणसं एकाच आडनावाची झाली. शेजारच्या गावात तोच साहेब गेला नाही, तर तिथे दुसरं आडनाव. म्हणून आज वसईतल्या दोन परेरांमध्ये नातं असेलच असं नाही, आणि परेरा व लोपेस हे चुलत असू शकतात.

गोव्यात हे जास्त स्पष्ट दिसतं, कारण तिथे गावकरीची, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, दप्तरं आहेत. गावकरांची विभागणी वांगडांत, म्हणजे कुळांत, असते आणि वांगड धर्मांतराच्या आधीपासूनचं. एकाच वांगडात तीन-चार वेगळी पोर्तुगीज आडनावं सापडली की समजायचं, हे मूळचे एकाच घरचे, फक्त बाप्तिस्म्याच्या दिवशी वेगवेगळ्या धर्मपित्यांसमोर उभे राहिले. म्हणून गोव्यातलं कुळ शोधताना आडनाव हा शेवटचा पुरावा समजावा. आधी गाव, मग वांगड.

काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नकाशाकडे बराच वेळ पाहिलं. “मग आमचा धागा कुठला?”

“निळा.”

“बरं झालं. लाल असता तर त्या आर्चबिशपचं घराणं सांभाळावं लागलं असतं.”

उच्चाराबद्दल एक भर. आपण ‘परेरा’ आणि ‘पेरेरा’ दोन्ही लिहितो आणि त्यावरून भांडतो. लिस्बनचा माणूस पहिला ‘ए’ जवळजवळ गिळतो, ब्राझीलचा तो सावकाश म्हणतो. वसईतला ‘परेरा’ अशुद्ध आहे असं म्हणणाऱ्यांना लिस्बनचा कोणीतरी ऐकवा.

सगळ्यांत जास्त वेळ गेला श्रीलंकेत, आणि सगळ्यांत जास्त मजाही तिथेच आली. पोर्तुगीज १५०५ मध्ये आले, १६५८ पर्यंत डचांनी त्यांना पुरतं हाकललं. दीडशे वर्षांत ‘पेरेरा’ किनाऱ्यावर असं रुजलं की आज ते तिथल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे, आणि ते लावणारे पुष्कळ जण बौद्ध आहेत. बाप्तिस्मा घेतला की दरबारी पद मिळायचं. पुढे डचांनी जमिनीची नोंदवही ठेवली, तिला ‘तोंबो’ म्हणत. लिस्बनच्या राष्ट्रीय दप्तरखान्याचं नाव ‘तोरे दो तोंबो’, शब्द तोच. अशा वह्यांत चढलेली नावं पक्की झाली. धर्म बदलला, परत गेला, नाव राहिलं.

पण जुनं कुळनाव मेलं नाही. ते पुढे जाऊन बसलं. २०१९ मध्ये डर्बनला नाबाद १५३ करून दक्षिण आफ्रिकेच्या तोंडचा घास काढणारा कुसल पेरेरा आठवतो? त्याचं पूर्ण नाव मथुरगे डॉन कुसल जनिथ पेरेरा. ‘मथुरगे’तला ‘गे’ म्हणजे ‘च्या घरचा’, हे खरं कुळ. ‘डॉन’ पोर्तुगीज मान. मधे स्वतःची नावं. शेवटी मिन्योमधलं नासपतीचं झाड. डावे नेते आणि अर्थमंत्री एन. एम. पेरेरा यांचंही तसंच: नानायक्कारपथिरगे मार्टिन पेरेरा. श्रीलंकेची कार्डं भरताना शेवटचा शब्द सोडून पहिला शब्द टिपा, नाहीतर हजारो असंबंधित माणसं एका डब्यात जातील. आणि कॅटलोनियातही पेरेरा आहेत, अगदी याच स्पेलिंगचे, कारण कॅटलान भाषेत नासपतीच्या झाडाला ‘पेरेरा’च म्हणतात. बार्सिलोनाचा पेरेरा आणि कोलंबोचा पेरेरा कागदावर जुळे, प्रत्यक्षात परके.

अमेरिका खंड या वेळी भराभर. ब्राझीलमध्ये गुलामांना आणि मूळ रहिवाशांना मालकाचं किंवा धर्मपित्याचं आडनाव लागलं, म्हणजे पुन्हा निळी लोकर, तीही ढीगभर. गुलामी तिथे १८८८ मध्ये संपली, आडनावं राहिली. कोलंबियात १८६३ मध्ये वसलेल्या शहराचं नाव पेरेइरा, फ्रान्सिस्को पेरेइरा मार्तिनेझ या माणसावरून. म्हणजे जागेवरून माणूस आणि माणसावरून परत जागा. अर्जेंटिनात ‘वाय’ घालून पेरेय्रा लिहितात.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र एक गोष्ट सापडली जिच्यासाठी मी रात्री दीडला उठून चहा केला. पोर्तुगालच्या आसोरेस आणि मादेइरा बेटांवरून मॅसॅच्युसेट्सला गेलेल्या अनेक पेरेरांनी तिकडे सोपं पडावं म्हणून ‘पेरी’ केलं. एरोस्मिथ बँडच्या जो पेरीचे आजोबा मादेइराचे, मूळ आडनाव पेरेरा. आता ‘पेरी’ हे इंग्लंडमधलं जुनं आडनाव, आणि ते आलंय जुन्या इंग्रजीतल्या ‘पिरिगे’ या शब्दापासून. अर्थ: नासपतीचं झाड! त्यांनी फक्त कानाला जवळचं नाव उचललं होतं, अर्थ आपोआप बरोबर गेला.

पुढच्या नोंदीसाठी कामं: ‘वाय’वाली कार्डं वेगळी काढायची आहेत, पण जुन्या पोर्तुगीज कागदांतही ‘वाय’ सर्रास येतो, त्यामुळे त्यावरून देश ठरवू नका. स्पॅनिश कागदांत बापाचं आडनाव आधी आणि आईचं नंतर, पोर्तुगीजमध्ये उलट. ज्यांनी मला गालिसियाची कार्डं दिली आहेत त्यांनी हे एकदा तपासून घ्या, किमान सहा कार्डांवर आईचं आडनाव बापाच्या रकान्यात गेलंय. आणि निळी लोकर संपली. दादरला त्याच छटेची मिळाली नाही, म्हणून गोव्याचा अर्धा भाग सध्या जांभळा दिसतो.