‘तुमच्या गाडीचा अपघात झाला होता ना?’ या फोनला आपली काहीही माहिती देऊ नका

यूकेमध्ये राहणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांना हा फोन कधी ना कधी आलेला असतोच. नंबर अनोळखी, पण ०७ ने सुरू होणारा साधा मोबाईलचा किंवा आपल्याच शहराच्या कोडचा, त्यामुळे आपण उचलतो. हॅलो म्हटलं की क्षणभर काहीच ऐकू येत नाही, मग खट् असा आवाज, मागे बरेच जण एकदम बोलत असल्याचा गलका, आणि मग एकदम गोड आवाजात, मागच्या दोन वर्षांत तुमच्या गाडीचा अपघात झाला होता, त्यात तुमची चूक नव्हती, तुम्हाला पैसे मिळायचे बाकी आहेत.

ऐकणाऱ्याला वाटतं की याच्यासमोर आपली फाईल उघडी आहे. बहुतेक वेळा त्याच्यासमोर काहीच नसतं. मशीन एकामागोमाग एक नंबर फिरवत असतं, आपण उचलला की मोकळा असलेल्या माणसाकडे फोन जातो, ती सुरुवातीची शांतता त्याचीच. ‘मागच्या दोन वर्षांत’ हे शब्दसुद्धा विचार करून ठेवलेले आहेत, कारण तेवढ्या काळात आपल्या नाहीतर घरातल्या कुणाच्या तरी गाडीला कुठेतरी ठोकलेलं असण्याची बरीच शक्यता असते, आणि माणूस आपणहून बोलून जातो, “हो हो, ते राउंडअबाउटवर मागून ठोकलं होतं तेच का?” झालं! त्याला जे हवं होतं ते मिळालं, आणि ते आपणच दिलं.

पुढचे प्रश्न नीट ऐका कधीतरी. गाडीत किती जण होते? हे काळजीपोटी विचारत नाहीत, प्रत्येक माणूस म्हणजे एक वेगळा क्लेम, नुकसानभरपाईचा दावा. मान दुखते का, पाठ दुखते का, अगदी थोडीशी सुद्धा? मग जन्मतारीख, पोस्टकोड, इन्शुरन्स कुणाचा आहे. या सगळ्याची मिळून एक ‘लीड’, म्हणजे संभाव्य गिऱ्हाईकाची माहिती, तयार होते आणि ती क्लेम मिळवून देणाऱ्यांना विकली जाते, आणि एकदा का तुम्ही बोलणारे गिऱ्हाईक आहात हे कळलं की फोन थांबत नाहीत, वाढतात. म्हणून माझं एकच म्हणणं आहे की वाद घालू नका, खोटं सांगून त्याची फिरकी घेऊ नका, रागवू पण नका. काहीही माहिती न देता फोन ठेवा.

हे मी इतकं कळकळीने लिहितेय ते आईमुळे. ती इकडे आली की घरातला लँडलाईन तीच उचलते, आणि तिला फोन मध्येच तोडणं जमतच नाही. समोरचा माणूस मॅडम मॅडम करून बोलतोय आणि आपण धाडकन फोन ठेवायचा, हे तिला उद्धटपणाचं वाटतं. एकदा मी वरून खाली येतेय तर ही फोनवर सांगतेय की मी गाडी चालवत नाही पण माझ्या मुलीकडे आहे, आणि पुढे माझं नाव सांगायला लागली! मी फोन काढून घेतला. नंतर तिच्याशी बसून बोलले, की आई, या माणसाला तू बोलावलेलं नाहीस, तो तुझ्या चांगुलपणावर पैसे कमावतोय, त्याच्याशी सभ्यपणे वागायचं म्हणजे ‘नो थँक यू’ म्हणायचं आणि ठेवायचं, बस्स. फोनशेजारी मोठ्या अक्षरांत तेवढंच लिहून चिकटवलंय. ज्यांच्या घरी भारतातून आई-वडील, सासू-सासरे येऊन राहतात त्यांनी हे पहिल्या आठवड्यातच करावं असं मला मनापासून वाटतं.

आता कायद्याचं. खूप जणांना अजून माहीत नाही की हे फोन नुसते त्रासदायक नाहीत, बेकायदेशीर आहेत. ८ सप्टेंबर २०१८ पासून, तुम्ही आधी स्पष्ट संमती दिलेली नसेल तर क्लेम मिळवून देण्याच्या धंद्यासाठी तुम्हाला फोन करताच येत नाही. तुमचं नाव टीपीएसच्या (TPS, विक्रीचे फोन नको असणाऱ्यांची अधिकृत नोंदणी) यादीत असो वा नसो. १ एप्रिल २०१९ पासून अशा क्लेम कंपन्यांवर एफसीएचं, म्हणजे आर्थिक कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचं, नियंत्रण आहे, आणि नको असलेल्या फोनबद्दल कारवाई करतं ते आयसीओ, लोकांच्या खाजगी माहितीच्या संरक्षणाचं काम बघणारं कार्यालय. तरी फोन येतातच, कारण करणारे कितीतरी वेळा देशाबाहेर बसलेले असतात आणि दिसणारा नंबर खोटा असतो. त्यामुळे त्या नंबरवर उलट फोन करून शिव्या घालू नका प्लीज, तो नंबर खराच कुणा बिचाऱ्याचा असू शकतो आणि त्याला यातलं काहीच माहीत नसतं.

पण कधी कधी त्यांच्याकडे खरंच माहिती असते आणि मला जास्त चीड त्याची येते. आमच्या गाडीला मागून धडक बसली त्यानंतर थोड्याच दिवसांत फोन यायला लागले, गाडी कुठली, साधारण कधी झालं, सगळं बरोब्बर. ही माहिती आभाळातून पडत नाही. २०१८ मध्ये गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका फर्मच्या माणसाला सहा महिन्यांची कैद झाली होती, तो सहकाऱ्यांचं लॉगिन वापरून ग्राहकांची नावं, फोन नंबर, अपघाताची माहिती काढायचा, नोकरी बदलल्यावरसुद्धा चालूच! ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा प्रकरण आयसीओकडे गेलं. म्हणजे तक्रारीने काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे.

मी काय केलं, तर अपघातानंतर ज्यांना ज्यांना माझे तपशील दिले होते त्या सगळ्यांना ईमेल पाठवले, की माझ्याबद्दलची कुठली माहिती तुमच्याकडे आहे आणि ती तुम्ही कुणाकुणाला दिलीत ते कळवा. याला सब्जेक्ट अॅक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, साधारणपणे फुकट असते, आणि सहसा महिन्याभरात उत्तर देणं त्यांना बंधनकारक असतं. वकील लागत नाही, साधा चार ओळींचा ईमेल चालतो. एका उत्तरातून कळलं की माझा नंबर एका भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीला दिला गेला होता, मला कुणी विचारलं पण नव्हतं. त्याची मी रीतसर तक्रार केली. फोन कुणी केले ते यातून सिद्ध होत नाही, पण माझा नंबर कुठे कुठे फिरतोय ते तरी कळलं.

आणि एक गोष्ट, जी या सगळ्या गोंगाटात मागे पडते. खरंच लागलं असेल तर क्लेम करणं हा तुमचा हक्क आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या ओळखीतल्या एकांची मान कित्येक महिने दुखत होती पण ‘ते क्लेमवाले फ्रॉड असतात’ म्हणून त्यांनी काहीच केलं नाही, मला फार वाईट वाटलं. आधी आपली पॉलिसी काढून बघा, कितीतरी वेळा त्यात लीगल कव्हर (वकिलाच्या खर्चाचा विमा) असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो. नंबर पॉलिसीच्या कागदावरचाच वापरा. इंग्लंड आणि वेल्समध्ये रस्त्यावरच्या अपघातातल्या छोट्या दुखापतींसाठी ३१ मे २०२१ पासून ऑफिशियल इंज्युरी क्लेम नावाचं पोर्टल आहे, ते वकिलाशिवायही वापरता येतं. फोनवाला ‘आजच सांगा नाहीतर मुदत संपेल’ म्हणाला तर घाबरू नका, दुखापतीच्या क्लेमला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. आणि त्याच्या नादाने न दुखणारी मान दुखते म्हणून सांगितलंत तर कोर्ट अख्खा क्लेम फेटाळू शकतं, वर फसवणुकीचा ठपका. तो येतो तुमच्यावर, फोनवाला तोपर्यंत गायब.

टीपीएसमध्ये नाव नोंदवा, फुकट आहे. मोबाईलवरून टीपीएस ही इंग्रजी अक्षरं आणि आपला ईमेल लिहून ८५०९५ ला मेसेज केला की झालं. लागू व्हायला २८ दिवसांपर्यंत लागू शकतात. याने कायदा पाळणाऱ्या कंपन्या थांबतात, चोर थांबत नाहीत, पण मग नोंदणीनंतर जो फोन येतो त्याच्याकडे संशयाने बघायचं हे तरी पक्कं होतं. असे मेसेज आले तर ७७२६ ला फॉरवर्ड करा. अनोळखी नंबर आपोआप बंद करायची फोनमधली सोय मी मात्र वापरत नाही, कारण जीपी आणि हॉस्पिटलचे फोन नंबर न दाखवता येतात आणि ते चुकले की अपॉइंटमेंट जाते. त्यापेक्षा उचलावा, ऐकावं, ठेवावा.

आयसीओच्या साईटवर तक्रारीचा फॉर्म आहे. त्यात कुठला नंबर दिसला, किती वाजता, जिवंत माणूस होता की रेकॉर्डिंग, कंपनीचं नाव काय सांगितलं, असं विचारतात, म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या तेवढं लिहून ठेवा, नंतर आठवत नाही. आई-बाबांच्या वतीने फॉर्म भरायला बसणार असाल तर त्यांना शेजारी घेऊन बसा, फोनवाला नेमकं काय बोलला ते त्यांनाच चांगलं आठवत असतं.