तुम्ही विचारलंत म्हणून: टूल उगाच का ओरडतं?

फर्मागुडीची इंजिनिअरिंगची मुलं भेटली की हा प्रश्न ठरलेला: "सर, कोड न चालवता तपासणारं हे टूल नसलेल्या चुका दाखवतं, आणि असलेली एखादी सोडून देतं. असं का?"

समजा, गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीसाठी तुम्ही प्रोग्राम लिहिलात. 'क्षमता' १० ते २० गाड्यांची, 'भरलेल्या' ० ते २०. भरलेल्या क्षमतेपेक्षा जास्त नाहीत हे आधी तपासलंत आणि मगच वजाबाकी केलीत. उत्तर उणे येणं शक्यच नाही. पण साधं टूल प्रत्येक चलाची फक्त किमान-कमाल मर्यादा लक्षात ठेवतं. त्याच्या हिशेबाने १० वजा २० म्हणजे उणे १०, की वाजली घंटा! दोन चलांमधलं नातं त्याने टिपलेलंच नसतं. ते टिपणारी टूल्स आहेत, पण त्यांना वेळ आणि मेमरी बरीच जास्त लागते.

मग अजून हुशार टूल बनवत गेलो, की प्रश्न मिटेल? नाही. गणितज्ञ हेन्री राईसने १९५३ मध्येच सिद्ध केलंय की प्रोग्रामच्या वागण्याबद्दलचा कोणताही अर्थपूर्ण प्रश्न सगळ्या प्रोग्रामांसाठी अचूक सोडवणारी रीत असूच शकत नाही. म्हणजे दरवेळी उत्तर देणारं टूल कुठेतरी खोटी घंटा वाजवणार, नाहीतर कुठेतरी गप्प बसणार. म्हणून टूल घेताना मी आधी एवढंच बघतो, की हे कोणत्या बाजूने चुकतं?

अ‍ॅस्ट्रे नावाचं टूल एकही संभाव्य चूक न सोडण्याच्या बाजूचं. २००३ मध्ये त्याने एअरबस ए३४० च्या उड्डाण-नियंत्रणाच्या सी भाषेतल्या १,३२,००० ओळी तपासल्या, आणि एकही खोटी घंटा वाजली नाही! मात्र ते त्याच धाटणीच्या कोडसाठी घडवलेलं होतं. डिजिटल फिल्टरांसाठी, म्हणजे सेन्सरकडून येणारे आकडे गाळून घेणाऱ्या हिशेबांसाठी, त्यात वेगळं गणित घातलं होतं. तुमच्या वेब अ‍ॅपवर अशी कामगिरी होईल, ही आशा सोडा.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण हार्टब्लीड, २०१४. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली ही चूक कव्हेरिटीसारख्या नावाजलेल्या टूललाही दिसली नव्हती. पॅकेटमधून, म्हणजे नेटवर्कवरून आलेल्या माहितीच्या तुकड्यातून, आलेली लांबी न तपासताच वापरली होती, पण तो आकडा बाहेरून आलाय हे टूलला उमगलंच नाही. नंतर कव्हेरिटीवाल्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. नेटवर्कवरून आलेल्या आकड्याचे बाइट बहुधा उलटे लावून घ्यावे लागतात, तेव्हा कोडमध्ये बाइटांची अदलाबदल दिसली की तो आकडा संशयित धरायचा. सिद्धता नव्हे, निव्वळ अंदाज. पण कामाचा.

कॉलेजच्या प्रोजेक्टला मी हे दुसऱ्या जातीचंच, एखादी चूक सोडेल पण उगाच ओरडणार नाही असं टूल सुचवतो. शंभर इशाऱ्यांतले नव्वद फोल निघाले, तर उरलेले दहा कोणी वाचत नाही. विमानाचं सॉफ्टवेअर लिहायला लागलात, की मला पुन्हा विचारा.