वायटूके वॉचलिस्ट : अमेरिका झाली, आता भारत

वायटूके म्हणजे जुन्या प्रोग्राममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिल्यामुळे २००० उजाडताना तारखा चुकण्याची अडचण. तिच्या दुरुस्तीवर कमावणाऱ्या कंपन्यांच्या अभ्यासातला अमेरिकेचा भाग एकदाचा हातावेगळा झाला. ऑगस्ट १९९८ मध्ये तिथल्या एसईसीने, म्हणजे त्यांच्या सेबीने, लिस्टेड कंपन्यांना वायटूकेची तयारी आणि खर्च उघड करायला लावला. ते अहवाल एसईसीच्या एडगर या ऑनलाइन संग्रहात आजही फुकट वाचता येतात. खजिना आहे नुसता!

प्रत्येक अहवालात मी दोनच गोष्टी शोधतो : महसुलात वायटूकेचा वाटा किती, आणि १ जानेवारी २००० नंतर त्याच ग्राहकाला कंपनी काय विकणार. गार्टनर या संशोधन कंपनीचा वायटूके दुरुस्तीवर ३०० ते ६०० अब्ज डॉलर खर्चाचा अंदाज तेव्हा सगळीकडे फिरत होता; पण त्यावरून शेअर निवडता येत नाही.

फीनिक्सची व्हायासॉफ्ट घ्या. कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतल्या प्रोग्राममध्ये दोन आकडी वर्ष कुठे दडलंय ते शोधायची टूल्स ती विकायची. लायसन्स एकदा विकलं की पुढे काय? बाजाराने हा प्रश्न २००० उजाडायच्या बराच आधी विचारला आणि भाव कोसळला. १९९९ मध्ये कॉम्प्युवेअर ही दुसरी सॉफ्टवेअर कंपनी तिला विकत घ्यायला निघाली, ते रोखायला अमेरिकेचा न्याय विभाग कोर्टात गेला, जानेवारी २००० मध्ये सौदा बारगळला.

भारतात गंमत वेगळी. टीसीएसने चेन्नईत वायटूकेच्या कामाची अख्खी फॅक्टरी उभारली, पण तिचा शेअर बाजारात आला ऑगस्ट २००४ मध्ये. पटनी ही आयटी कंपनीही त्याच वर्षी. घेता येण्यासारख्या होत्या त्या इन्फोसिस, विप्रो वगैरे. इथे विकली जात होती माणसांची मेहनत, आणि आपला कोड समजलेल्या माणसाला ग्राहक सहजासहजी सोडत नाही. दुरुस्तीतून देखभालीचं काम मिळतं. माझ्या मते निवडीचा खरा निकष हाच. अर्थात भावही बघायलाच हवा : फेब्रुवारी २००० मध्ये विप्रो दहा हजार रुपयांच्या आसपास होता, आणि १० मार्चला नॅस्डॅक हा अमेरिकेचा टेक शेअरांचा निर्देशांक ५०४८ वर जाऊन तिथून घसरला.

हीच चाळणी पुढे २०३८ च्या बगला लावणार आहे. १९ जानेवारी २०३८, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. ३२ बिटांत सेकंद मोजणारं घड्याळ तिथे संपतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ५.६ आवृत्तीत ३२ बिट मशीनसाठीही सोय झाली आहे. त्यामुळे माझी नजर कारखान्यांतली यंत्रं चालवणाऱ्या जुन्या कंट्रोलरवर आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांवर आहे.

त्याआधी मास्टेक या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीच्या महसुलात वायटूकेचा वाटा किती होता ते बघायचंय. १९९८ आणि १९९९ चे छापील वार्षिक अहवाल कुणाच्या माळ्यावर असतील, तर त्या पानांचे फोटो नक्की पाठवा.